न उमललेले दहा

सकाळची गर्दी ओसरून मुले तासाला गेली की ग्रंथालयात अण्णाजींचा फोन येई. ना चौकशी, ना प्रस्तावना. "किती वाजले वं?" एवढेच ते विचारत आणि उत्तराची वाट पाहत.

मैत्रेयीच्या मनगटावर घड्याळ होते, समोरच्या भिंतीवर दुसरे, संगणकाच्या पडद्यावर तिसरे. ती तिन्हींकडे पाठ फिरवून खिडकीबाहेर पाही. नुसता आकडा वडिलांना चालत नसे, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती. काचबिंदूने अण्णाजींच्या नजरेची उरलेली अंधूक कडही पुसून टाकली त्या दिवसांत तिने एकदा घाईने 'साडेदहा' म्हणून फोन ठेवला होता. तो लगेच पुन्हा वाजला. साडेदहा वाजले हे आपल्याला कळले, पण ते कसे वाजले आहेत, असे अण्णाजींनी विचारले. पवनारच्या आसपासच्या शाळांतून जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि त्याला आकड्यात उत्तर नव्हते.

मग ती सांगू लागली. सायकल स्टँडच्या पत्र्यावर ऊन आले आहे, पण अजून इतके कोवळे आहे की त्यावर मांजर निवांत बसू शकते. कँटीनमध्ये आलूबोंड्यांचा पहिला घाणा निघाला आहे आणि त्याचा वास जिन्याच्या अर्ध्यावर येऊन थांबला आहे. दुपारी फोन आला तर ती सांगे, कडुनिंबाची सावली स्वतःच्याच पायाशी गोळा होऊन बसली आहे, तिला उठायचा कंटाळा आला आहे. संध्याकाळ जवळ आली की खिडकीच्या गजांच्या सावल्या वाचनकक्षातल्या टेबलांवर लांबत, आणि एकदा तिने सांगितले होते की एका मुलीने त्या सावल्यांवरच कोरा कागद ठेवला आहे आणि जणू कोणी आखून दिल्यासारखी ती त्या ओळींवर लिहीत आहे. त्या दिवशी अण्णाजींनी नुसते 'बरं' म्हटले आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये अख्खा वर्ग शांत झाल्याची जाणीव होती.

एम. ए. करताना मैत्रेयी कविता लिहीत असे. एक-दोन छापूनही आल्या होत्या. मग कविता थांबल्या. त्याला काही कारण घडले नव्हते. कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचेनासे होते तशा त्या तिच्यापर्यंत पोचेनाशा झाल्या. लग्न तिने केले नाही, आई जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि वर्ध्याच्या महाविद्यालयातली ग्रंथपालाची नोकरी व पवनारचे घर यांच्यामध्ये रोज एक बस होती. एवढ्या आयुष्यात ही फोनवरची वाक्ये अचानक आली. ती कुठे लिहिलेली नव्हती, कुठे जाणारही नव्हती. त्यांना एकच श्रोता होता, आणि त्या श्रोत्याला जगाचा तेवढा तुकडा पाहण्याचा दुसरा मार्ग नव्हता. कोणत्या कवीला असा श्रोता मिळतो?

धाकट्या भावाने, सुमीतने, एक बोलके घड्याळ मागवून दिले होते. कळ दाबली की त्यातली बाई स्वच्छ हिंदीत वेळ सांगे. अण्णाजींनी तिला दोन दिवस ऐकले आणि घड्याळ परत केले.

"बाई सांगते बरोबर," ते म्हणाले, "पण तिले माहीत काईच नाई."

हे ऐकून मैत्रेयी दिवसभर सुखात होती. आणि त्याच आठवड्यात जेवताना तिने तक्रार केली होती, की हे दिवसातून इतके फोन म्हणजे ताप आहे, मुले हसतात, प्राचार्य वळून पाहतात, मी काय शाळेची घंटा आहे का. ही तक्रार ती वारंवार करी. जड आहे, जड आहे म्हणत एखादीने दागिना चारचौघींत दाखवावा, तशी ती तक्रार होती. ती कोणी खरी मानील असे तिला कधी वाटले नाही.

वैशाखात सुमीतचे लग्न झाले. नमिता कारंजा घाडग्याची. तिच्या वडिलांची महामार्गाला लागून संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. रुखवतात इतर मुली भांडी आणि भरतकाम मांडतात, हिने कुंड्या मांडल्या होत्या. वऱ्हाडातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला, पण त्या कुंड्या खरोखरच टेम्पोतून पवनारला आल्या आणि मागच्या अंगणात उतरल्या. नमिता भरभर बोलणारी, भरभर चालणारी होती, आणि तिच्या नखांत नेहमी थोडी माती असे. मैत्रेयीला ती आवडली होती. याची पुढे तिला स्वतःलाच आठवण करून द्यावी लागली.

ज्येष्ठातल्या एका सकाळी फोन आला नाही.

मैत्रेयीला आधी सुटल्यासारखे वाटले. मग पुस्तकांच्या नोंदी करताना तिचा हात थांबू लागला. मग तिने घरी फोन लावला. तो नमिताने उचलला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणे.

"मामाजी ओट्यावर बसले हायेत ताई, एकदम मजेत. देऊ का त्यायले?"

नको, सहज केला होता, असे म्हणून मैत्रेयीने फोन ठेवला. सायकल स्टँडच्या पत्र्यावर त्या दिवशी खरोखरच मांजर बसले होते. ते तिने कोणाला सांगितले नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ओट्याच्या काठाला कुंड्यांची रांग लागली होती आणि अण्णाजी तिची वाटच पाहत होते. त्यांनी तिला हात धरून पहिल्या कुंडीपाशी नेले. ऑफिस टाइमची फुले. कचेऱ्या उघडायच्या वेळेला ऊन घेऊन उमलतात म्हणून त्यांना सगळे तेच म्हणतात. आता ती मिटली होती. सकाळी आपण दर थोड्या वेळाने बोट लावून पाहत होतो, अण्णाजी सांगू लागले, आणि एका क्षणी पाकळ्या बोटाला लागल्या. दुसऱ्या कुंडीत गुलबक्षी होती, ती शाळा सुटायच्या सुमारास उमलते. टोकाला चिंचेचे रोप होते, दिवेलागणीला त्याची पाने जोडीजोडीने मिटतात. पलीकडे रातराणी, तिला हात लावायचीही गरज नाही. नमिताने एकेक कुंडी आणून कुठली कधी काय करते ते त्यांना शिकवले होते.

"बोटानं टाइम पाह्यला मी आज," ते म्हणाले. "झोपलेल्या लेकराची मूठ सुटते ना, तसे दहा वाजले."

मैत्रेयी म्हणाली, छान आहे. तिचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. उपमा उत्तम होती. तेच सलत होते. दहा कसे वाजले, हे आज त्यांनी स्वतः सांगितले होते, आणि ही उपमा तिच्यापर्यंत संध्याकाळी पोचली होती. सकाळी, ताजी असताना, ती नमिताला मिळाली असणार.

पुढचे दिवस तिने एका शांत फोनच्या सोबतीने काढले. फोन मुका झाला नाही ना, हे ती तपासत राही. एकदा तिने सहकाऱ्याला सांगून स्वतःच्याच नंबरवर फोन करून घेतला. तो खणखणीत वाजला, आणि तेवढ्या एका क्षणापुरते तिला बरे वाटले, हे माहीत असूनही की समोर टेबलापलीकडे उभा असलेला माणूस तो करतो आहे. मुले आता हसत नव्हती. प्राचार्य वळून पाहत नव्हते. खिडकीबाहेर ऊन रोजच्यासारखे पत्र्यावरून जिन्याकडे सरकत होते आणि तिच्या डोळ्यांत वाक्ये तयार होऊन तिथेच सुकत होती.

मत्सर ही गोष्ट मोठी असते असे तिने वाचले होते. प्रत्यक्षात तो फार बारीक निघाला. नमिताच्या नखांतली माती, तिचे 'मामाजी' म्हणताना शेवटचे अक्षर लांबवणे, ओट्यावर अण्णाजींच्या खुर्चीशेजारी तिने स्वतःसाठी आणून ठेवलेला लाकडी पाट, यांत तो राहत होता. एके दिवशी ती घरी आली तर दोघे हसून हसून थकली होती. नमिताने भाबडेपणाने लाजाळूचीही एक कुंडी रांगेत ठेवली होती. अण्णाजींनी दुपारच्या जेवणानंतर तिला बोट लावले, पाने मिटली, आणि त्यांनी गंभीरपणे घरात आवाज देऊन देवापाशी दिवा लावायला सांगितला, सुमीत अजून आला कसा नाही म्हणून काळजीही केली. लाजाळू मागच्या अंगणात गेली. हसू मात्र ओट्यावर राहिले. पुढे कितीतरी दिवस दोघांपैकी कोणीही नुसते 'दिवा लावा' म्हटले तरी दुसरे हसत असे. मैत्रेयीही हसे. पण ते हसू ती घरी नसताना जन्मलेले होते, आणि तिच्याकडे ते पाहुण्यासारखे येई.

ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राचे कपाट तिच्या खुर्चीच्या मागेच होते. इतकी वर्षे तिने त्यातली पुस्तके फक्त देवघेवीपुरती हाताळली होती. आता तिने ऑफिस टाइमचा उल्लेख शोधून काढला. थेट ऊन मिळाले तरच हे फूल उमलते. आभाळ भरून असेल त्या दिवशी कळ्या मिटलेल्याच राहतात. ही ओळ तिने शत्रूच्या गडाची चोरवाट सापडावी तशी पुन्हा पुन्हा वाचली.

त्या दिवसापासून सकाळी उठून ती आधी आभाळ पाहू लागली. आषाढ होता, पण पाऊस रात्रीचा पडून सकाळी उघडत होता. बसमध्ये शेजारच्या बायका खूश होत्या, निंदणाला उघाड मिळते आहे, फवारणी वाया जात नाही. मैत्रेयी मान डोलावी आणि काचेतून पूर्वेकडे पाहत राही. साऱ्या तालुक्यात ढगांची वाट पाहणारी ती एकटीच असावी.

एका सकाळी तिच्याच्याने राहवले नाही. अण्णाजी आंघोळीला गेले होते. ओटा रिकामा होता. ऑफिस टाइमची कुंडी जिन्याखाली सरकवली तर ऊन तिच्यापर्यंत दुपारपर्यंत पोचणार नव्हते. तिने कुंडीला हात घातला. ती वाटली त्याहून जड होती. मैत्रेयी वाकलेली असतानाच नमिता दारात आली.

"राहू द्या ताई, कंबर लचकन. ऊन सरकून राह्यलं म्हणून मी बी तेच म्हणत होती," असे म्हणत नमिताने कुंडी उचलली आणि अधिक उन्हात नेऊन ठेवली. वर हात झटकत म्हणाली, की ताईंचं लक्ष असते सगळ्याकडे.

बस सुटेपर्यंत मैत्रेयीचे कान तापलेले होते. नमिताला संशय आला असता तर तिला बरे वाटले असते. निदान त्या दोघींमध्ये काही चालू आहे, हे दुसऱ्या बाजूलाही ठाऊक झाले असते.

मग झड लागली. रात्री सुरू झालेला पाऊस सकाळी थांबला नाही, वाढलाही नाही, नुसता राहिला. आभाळ जमिनीच्या इतके जवळ आले होते की शेजारच्या घरावरची टाकी त्यात बुडाली होती. निघताना मैत्रेयीने ओट्यावर थांबून पाहिले. कळ्या मिटलेल्या होत्या, हिरव्या, घट्ट, काही न सांगणाऱ्या. तिने छत्री उघडली आणि इतक्या हलक्या पावलांनी बसथांब्याकडे गेली की चिखलाचे तिला भानही राहिले नाही.

ग्रंथालयात तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. आज काय सांगायचे तेही ठरले होते. पत्र्यावर पाऊस वाजतो आहे पण थेंब वेगळे ऐकू येत नाहीत, एखाद्या मोठ्या वर्गात सगळी मुले एकाच वेळी पुटपुटत पाढे म्हणत असावीत तसे. ही उपमा त्यांना आवडेल. ते 'बरं' म्हणतील.

मुले तासाला गेली. फोन वाजला नाही. आलूबोंड्यांचा वास ओल्या हवेत जिना चढून वर आला, आत आला, मावळला. मुले परत आली, ओल्या छत्र्या दारात ठेवून गेली. फोन वाजला नाही. मैत्रेयीला वाटले, त्यांना बरे नसेल. मग वाटले, नमिताने सांगितली असेल वेळ, सरळ, भिंतीवरच्या घड्याळात पाहून. आणि ही शक्यता आजाराहून जास्त बोचली, हे लक्षात येऊन तिला स्वतःची भीती वाटली. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

धाम नदीच्या पुलावरून बस गेली तेव्हा पाणी गढूळ होऊन काठाकाठाने फुगत होते. गल्लीत शिरताना तिला अण्णाजींचा आवाज ऐकू आला, वर्गात शिकवतानाचा, प्रत्येक शब्द वेगळा ठेवणारा. ती फाटकाशी, भिंतीच्या आडोशाला थांबली. तिथून ओटा दिसत होता. अण्णाजी खुर्चीत होते. नमिता पाटावर बसून अंबाडीची भाजी निवडत होती.

आज फुले उमललीच नाहीत, घड्याळात पाहून सांगू का, असे नमिताने विचारले.

"नको. आज दहा वाजलेच नाईत," अण्णाजी म्हणाले. "बरं हाय. पेन्शनवाल्याले कायची घाई?" नमिता हसली. ते पुढे म्हणाले, "पण दहा कसे असतात, थे सांगतो तुले."

आणि त्यांनी सांगितले. पत्र्यावर ऊन येते, पण इतके कोवळे की मांजर बसू शकते. जिन्याच्या अर्ध्यावर वास येऊन थांबतो. मग त्यांनी दुपार सांगितली, स्वतःच्या पायाशी गोळा झालेली सावली, तिचा कंटाळा. मग ती मुलगी, सावलीच्या गजांवर कोरा कागद ठेवून लिहिणारी. एकही शब्द गळला नव्हता. काही ठिकाणी त्यांनी एखादा शब्द बदलला होता आणि वाक्य अधिक चांगले झाले होते. नमिताचे हात भाजीत तसेच थांबले होते.

"हे तुमी पाह्यलं, मामाजी?"

"हाव," अण्णाजी म्हणाले. "रोज पाहात होतो."

मैत्रेयीच्या छत्रीवरून पाणी तिच्याच खांद्यावर पडत होते. इतके दिवस तिचा मत्सर एका दिशेने वाहत होता. आता त्याला दोन तोंडे फुटली. तिची वाक्ये, तिच्या एकटीच्या खिडकीतली, एका भाजी निवडणाऱ्या मुलीला मिळत होती, आणि देणारा म्हणत होता की ती आपण पाहिली. तिचे नाव त्यांवरून कधीच गळून पडले होते. त्याच वेळी तिला हेही कळत होते की आंधळ्या माणसाने 'पाहिले' म्हणावे, याहून मोठी दाद तिला कोणत्याही मासिकाने दिली नसती. ही दाद तिला हवी होती. पण ती तिच्या नावावर हवी होती.

ती फाटक ढकलून ओट्यावर आली.

"ते मी सांगितलं होतं, अण्णाजी."

आवाज हवा होता त्यापेक्षा कितीतरी धारदार निघाला. नमिता दचकून उठली, मग ओली छत्री आणि ओली साडी पाहून टॉवेल आणायला आत गेली. अण्णाजींनी चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला. ते रागावलेले नव्हते.

"हाव. तूच सांगतलं," ते म्हणाले. "मंग बंद काऊन केलं?"

"मी कुठे बंद केलं? तुम्ही फोन करायचं सोडलंत."

"तुले ताप होये म्हणून. जेवताना तूच म्हणत होती, पोरं हासतात, मी काय घंटा हाय का." त्यांचे बोट सवयीने कुंडीकडे गेले आणि मिटल्या कळीवरून परत आले. "तवा नमिताले म्या म्हटलं, दहा वाजता उठनारं एखादं झाड हाय का तुह्याजवळ. काऊन मागून राह्यलो, थे तिले काय माहीत! मले वाटे, माहा फोन नाई आला तर तू आपल्या मनानं एखादा करशीन. कामाचा नाई. आपला असाच. लय दिवस वाट पाह्यली."

मैत्रेयीला बसावेसे वाटले आणि ती नमिताच्या पाटावर बसली. अंबाडीची लालसर देठे तिच्या पायांशी पडली होती. इतके दिवस ती फोन वाजायची वाट पाहत होती, आणि तो तिच्या हातात होता. एकदाही नंबर दाबावा असे तिला सुचले नव्हते. तिला विचारले जायला हवे होते. विचारल्याशिवाय सांगणे म्हणजे मागणे, असे तिने कुठेतरी ठरवून टाकले होते. आणि एवढे सगळे स्वच्छ दिसत असतानाही, वडील 'नमिताले म्हटलं' म्हणाले तेव्हा, आपल्यासाठी मोठे मन करून त्यांनी जे मागितले तेही नमितापाशी मागितले, हा काटा तिला लागायचा राहिला नाही.

तिने सांगितले की ती फार वेळ फोनकडे पाहत बसली होती. आजही. सकाळपासून.

"मंग आता सांग," अण्णाजी म्हणाले.

तिने घड्याळाचे मनगट पालथे केले. समोर पाहिले. योजून ठेवलेली पाढ्यांची उपमा आता शिळी वाटत होती, ती वर्ध्याच्या पत्र्याची होती. इथे कौलांवरून पाणी एका सरळ रेषेत उतरत होते. रस्त्यावर कोणी नव्हते. कशालाच सावली नव्हती, म्हणून वस्तू आपापल्या जागी थोड्या अनाथ दिसत होत्या, खांब, सायकल, नमिताच्या कुंड्या. तिने सुरुवात केली, आज कुठल्याच वस्तूपाशी तिची सावली नाही, आणि अण्णाजींचे डोळे मिटले, ऐकताना मिटत तसे.

आतून पावलांचा आवाज आला. नमिता खांद्यावर टॉवेल आणि हातात चहाचे कप घेऊन उंबऱ्यात येऊन थांबली होती. चहा द्यायचे ती विसरली होती. मघाशी भाजीत थांबले होते तसेच तिचे हात आता कपांवर थांबले होते, आणि चेहऱ्यावर तीच अधीर, उघडी उत्सुकता होती. पुढचे वाक्य तिलाही हवे होते.

मैत्रेयीने तिच्याकडे एकदा पाहिले. मग पाट अण्णाजींच्या खुर्चीला अगदी भिडेपर्यंत सरकवला, त्यांच्या कानाशी वाकली, आणि आवाज पावसाच्या आवाजाखाली राहील इतका उतरवून पुढचे वाक्य सांगितले.